जुनी मोठी डिझेल गाडी घाटात दम टाकते: बिघाड शोधण्याआधी मेकॅनिक कसा शोधावा

गाडी २०११ सालची. जर्मन सेडान, तीन लिटरचं सहा सिलिंडरचं व्ही-आकाराचं डिझेल इंजिन, सात गिअरचा ऑटोमॅटिक. बाबांनी आयुष्यात एकदाच केलेली मोठी हौस. ते गेल्यावर गाडी माझ्याकडे आली तेव्हा मीटरवर १ लाख ४२ हजार किलोमीटर झाले होते, आणि महिन्याभरात हा त्रास सुरू झाला.

पुण्याहून कराडला जाताना खंबाटकीचा घाट अर्धा चढला की पिवळा चेक इंजिन लाइट लागायचा आणि गाडीची ताकदच निघून जायची. पाय तळाला टेकवला तरी गाडी उचलायची नाही. मागे ट्रकांची रांग, शेजारी आई दाराचं हँडल घट्ट धरून बसलेली. कसंबसं कडेला घ्यायचं, इंजिन बंद करायचं, दोन मिनिटांनी पुन्हा चालू करायचं, की गाडी पहिल्यासारखी पळायला लागायची. मग तीन-तीन आठवडे काहीच नाही. आणि एखाद्या दिवशी पुन्हा तेच, कधी कात्रजच्या चढावर, कधी बोरघाटात.

दहा-बारा वर्षांची मोठी डिझेल गाडी बाळगणाऱ्यांना हे ओळखीचं असेल. याला लिम्प मोड म्हणतात. एखाद्या सेन्सरकडून ईसीयूला, म्हणजे इंजिन चालवणाऱ्या संगणकाला, भलताच आकडा मिळाला की तो इंजिन वाचवायला टर्बोचा दाब आणि डिझेल दोन्ही आवळतो. बंद-चालू केल्यावर ताकद परत येत असेल तर बिघाड सततचा नाही. बहुधा वायरिंगचा, सेन्सरचा किंवा अधूनमधून अडकणाऱ्या एखाद्या मोटरचा असतो. याउलट ताकद कायमच कमी, सोबत काळा धूर आणि शिट्टीसारखा आवाज असेल, तर टर्बोपासून इंटरकूलरकडे (टर्बोनं दाबलेली गरम हवा थंड करणाऱ्या जाळीकडे) जाणारा रबरी पाइप फाटलाय का ते आधी पाहायचं. तेवढं घरच्या घरी, बॉनेट उघडून टॉर्चनं पाहता येतं.

आमच्या गाडीचा बिघाड शेवटी निघाला तो काही शे रुपयांच्या एका रबरी सीलपाशी. तिथवर पोचायला चौदा महिने आणि चार गॅरेजं लागली. म्हणून बिघाडाइतकंच, किंबहुना त्याहून जास्त, मला तो शोधणाऱ्या माणसाबद्दल सांगायचं आहे.

आधीची तीन गॅरेजं

पहिलं मोठं, काचेच्या केबिनचं वर्कशॉप. स्कॅनर लावला, पाच कोड, म्हणजे ईसीयूनं साठवलेल्या बिघाडाच्या नोंदी, निघाले. टर्बोचा दाब कमी, हवेचं माप चुकीचं, ईजीआर (थोडा धूर पुन्हा इंजिनात सोडणारा व्हॉल्व्ह), आणखी दोन. अर्ध्या तासात इस्टिमेट हातात: टर्बो बदला, दोन लाखांच्या वर. "कशावरून टर्बो गेला?" मी विचारलं. "कोड टर्बोचाच आहे ना, सर." कुणी एअर फिल्टरचं झाकणसुद्धा उघडलं नव्हतं.

इथे एक गोष्ट नीट समजून घ्यावी, कारण याच एका गैरसमजात लोकांचे लाखो रुपये जातात. कोड म्हणजे पार्टचं नाव नव्हे. पी-०२९९ याचा अर्थ "टर्बो खराब" असा नाही. ईसीयूला जेवढा दाब हवा होता तेवढा मिळाला नाही, एवढंच तो सांगतो. का मिळाला नाही, त्याची कारणं दहा. फाटका पाइप, काजळीनं अडकलेल्या टर्बोच्या पात्या, चुकीचं वाचणारा प्रेशर सेन्सर, उघडा राहिलेला ईजीआर व्हॉल्व्ह, तुंबलेला डीपीएफ, म्हणजे धुरातली काजळी अडवणारा फिल्टर. टर्बो स्वतः झिजणं हे त्यांतलं एक. पी-००८७ चंही तसंच: रेलमध्ये, म्हणजे सगळ्या इंजेक्टरना डिझेल पुरवणाऱ्या नळीत, डिझेलचा दाब कमी. यावर लगेच हायप्रेशर पंप बदला म्हणणारे आहेत, आणि डिझेल फिल्टर नवा टाकून गाडी बरी करणारेही आहेत.

दुसरं गॅरेज घराजवळचं. माणूस सज्जन, पण त्याच्याकडे होता साधा स्कॅनर. तो दर वेळी कोड पुसून द्यायचा, "बघा आता चालवून." पाच-सहा वेळा हे झालं. प्रत्येक कोडसोबत ईसीयू त्या क्षणाची नोंद ठेवतो, म्हणजे वेग किती होता, इंजिनवर भार किती होता, पाणी किती गरम होतं. याला फ्रीझ फ्रेम म्हणतात. कोड पुसला की ही नोंदही जाते. माझ्या गाडीचा पुरावा मीच दर महिन्याला पैसे देऊन पुसून घेत होतो.

तिसऱ्यानं "कायमचा बंदोबस्त" करून दिला. दोन महिने लाइट लागला नाही, आणि मी खूश होऊन त्याचं नाव आणखी दोघांना सुचवलं. त्यानं नक्की काय केलं होतं ते पुढे कळलं.

प्रश्नच बदलला

तोवर मी सगळ्यांना विचारत होतो, "चांगला मेकॅनिक कोण?" ज्याची छोटी पेट्रोल गाडी, तो त्याच्या मेकॅनिकचं नाव सांगायचा. तो माणूस खरोखर चांगला असायचाही. पण मोठ्या डिझेलचं काम वेगळं आहे. टायरमध्ये आपण सव्वादोन बार हवा भरतो. या इंजिनांच्या कॉमन रेलमध्ये डिझेलचा दाब १६०० बार आणि त्याहूनही वर जातो. सिलिंडरमध्ये डिझेल फवारणारा इंजेक्टर बदलला तर त्याच्यावर छापलेला कोड ईसीयूमध्ये भरावा लागतो, नाहीतर नवा इंजेक्टर घालूनही गाडी ठोके देते. नुसत्या अनुभवानं आणि कानानं हे काम होत नाही.

म्हणून मी विचारायला लागलो, "या इंजिनावर रोज हात असलेला कोण आहे?" आणि हे गाडीमालकांना विचारायचं सोडून, जे मेकॅनिकचं काम बाहेरून पाहतात त्यांना विचारलं.

पहिला माणूस म्हणजे स्पेअर पार्टच्या काउंटरवरचा. पुण्यात नाना पेठ, मुंबईत ऑपेरा हाऊस, जुन्या पार्टसाठी कुर्ल्याचा सीएसटी रोड. काउंटरवाल्याला सगळं ठाऊक असतं. कोण सतरा अंकी चॅसिस नंबर सांगून पार्ट मागतो आणि कोण "त्या मॉडेलचं असेल ते द्या" म्हणतो. कोण पार्टसोबत गॅस्केट, सील आणि एकदाच वापरायचे बोल्टही नेतो आणि कोण नुसता पार्ट नेऊन जुन्याच गॅस्केटवर सिलिकॉन फासतो. कोण आठवड्याला तीन पार्ट "लागले नाहीत" म्हणून परत आणतो, म्हणजेच लोकांच्या गाड्यांवर अंदाज करून पाहतो.

दुसरे पंप-नोझलवाले. डिझेलचे पंप आणि इंजेक्टर टेस्ट बेंचवर तपासणारी ही दुकानं प्रत्येक मोठ्या शहरात असतात. त्यांना विचारा, "तुमच्याकडे येणाऱ्यांपैकी कोणाचे इंजेक्टर खरोखर खराब निघतात?" जो मेकॅनिक आधी गाडीवरच प्रत्येक इंजेक्टरमधून टाकीकडे परत जाणारं (रिटर्नचं) डिझेल मोजून पाहतो, तो सहापैकी नेमका एकच इंजेक्टर घेऊन येतो. न मोजणारा सहाच्या सहा आणतो.

तिसरे, कंपनीच्या अधिकृत सर्व्हिस सेंटरमधून बाहेर पडून स्वतःचं छोटं गॅरेज टाकलेले लोक. मर्सिडीजनं १९९५ मध्ये पिंपरीत गाड्या जोडायला सुरुवात केली, २००९ मध्ये कारखाना चाकणला गेला. स्कोडाच्या गाड्या २००१ पासून आणि पुढे ऑडीच्याही छत्रपती संभाजीनगरजवळच्या शेंद्र्यात जोडल्या जाऊ लागल्या. या गाड्या आपल्याकडे लवकर आल्या, तशी त्यांच्यावर हात बसलेली माणसंही इथे लवकर तयार झाली. पाटी लहान असते, शेड पत्र्याची असते. तिकडे पाहून परत फिरू नये.

तीन ठिकाणी विचारल्यावर एक नाव दोनदा आलं. पुण्यातल्या नऱ्ह्यातलं गॅरेज, चार गाड्या मावतील एवढं.

फोनवरची पाच मिनिटं

फोन करताना मी "टर्बो" हा शब्द तोंडातून काढला नाही, नुसतं लक्षण सांगितलं. हे कराच. आपण पार्टचं नाव घेतलं की समोरचा त्याच पार्टचा भाव सांगतो, आणि त्याची परीक्षा तिथेच संपते.

त्यानं भाव सांगितला नाही, उलट प्रश्न विचारले. बंद करून चालू केल्यावर ताकद येते का? थंड असताना होतं की गरम झाल्यावर? टाकीत डिझेल किती असतं तेव्हा? शेवटचं काम काय झालं? कोड कुणी पुसलेत का? आणि मग म्हणाला, "आता लाइट लागला की पुसू नका, बॅटरी काढू नका, तशीच घेऊन या. तपासायचे तीन हजार होतील. काम माझ्याकडे केलं नाहीत तरी ते द्यावे लागतील."

तपासणीचे वेगळे पैसे मागणाऱ्याकडे पुष्कळजण पाठ फिरवतात. मला उलट वाटतं. तपासणी फुकट करणाऱ्याला त्याचे पैसे पार्ट विकूनच काढावे लागतात. निदानाचे पैसे घेणाऱ्याला "तुमचा टर्बो ठीक आहे" असं म्हणणं परवडतं.

त्याच बोलण्यात मी इंजिन ऑइलचा प्रश्न विचारला होता. हाही चांगला मापदंड आहे. "फुल सिंथेटिक टाकतो" हे उत्तर अपुरं. या इंजिनांना कंपनीची ठरावीक मान्यता असलेलंच ऑइल लागतं. मर्सिडीजच्या डीपीएफवाल्या डिझेलला २२९.५१, बीएमडब्ल्यूला एलएल-०४, फोक्सवॅगन-ऑडीला ५०७ ००, असे आकडे डब्याच्या मागे छापलेले असतात. साध्या ऑइलमध्ये राख जास्त होते आणि ती डीपीएफमध्ये साठते. काजळी सुमारे ६०० अंशांवर जळून जाते, राख जळत नाही. नऱ्ह्याच्या माणसानं आकडा तोंडपाठ सांगितला आणि गाडी आजवर कुठे कुठे डिझेल भरत आली तेही विचारलं. मला त्याचा संबंध कळला नाही. मग त्यानं सांगितलं की २०१० मध्ये बीएस-४ (प्रदूषणाच्या चौथ्या टप्प्याच्या नियमांचं) डिझेल पुण्यासारख्या १३ शहरांतच आलं, बाकी देशभर ते टप्प्याटप्प्यानं २०१७ पर्यंत पोचलं. म्हणजे बाबा पुण्यात भरायचे ते ५० पीपीएम (दहा लाखांत ५० भाग) गंधकाचं, आणि कराडला भरायचे ते ३५० पीपीएमपर्यंतचं. गंधक जास्त की ऑइल लवकर आंबट होतं, म्हणून तेव्हाच्या गाड्यांचा ऑइल बदलण्याचा इतिहास तो आधी पाहतो. बाबांच्या हातच्या नोंदींची वही मी त्याला नेऊन दिली.

तपासणीचा दिवस

मी अख्खी सकाळ तिथे थांबलो. त्यानं स्कॅनर लावण्याआधी बॅटरी मोजली. या गाड्यांत बॅटरी मरगळलेली असली तरी खोटे कोड येतात. मग इंजिन चालू न करता, नुसती किल्ली फिरवून, बूस्ट प्रेशर सेन्सरचा आकडा पाहिला. इंजिन बंद असताना हा सेन्सर बाहेरच्या हवेचाच दाब दाखवायला हवा. पुण्याच्या उंचीवर तो ९४० मिलिबारच्या आसपास असतो. तेवढाच निघाला. सेन्सर खरं बोलतोय, हे एकही पैसा खर्च न करता कळलं.

मग तो शेजारी लॅपटॉप घेऊन बसला आणि नवले पुलावरून कात्रजच्या नव्या बोगद्याच्या चढाला मला गाडी दाबायला सांगितली. पडद्यावर दोन रेषा. ईसीयूनं मागितलेला दाब आणि प्रत्यक्षात मिळालेला दाब. दोन्ही हातात हात घालून वर जात होत्या. "टर्बो ठीक आहे तुमचा," तो म्हणाला. दोन लाखांचं इस्टिमेट माझ्या खिशात होतं.

परत आल्यावर त्यानं पाच कोडांची वेळ पाहिली. पाचही एकाच किलोमीटरला, एकाच क्षणी पडलेले. पाच निरनिराळे पार्ट एका सेकंदात खराब होत नाहीत, त्यांच्यात काहीतरी सामायिक असलं पाहिजे. वायरिंगचा नकाशा काढला. त्यांतले बहुतेक एकाच विजेच्या सप्लायवर होते, आणि त्याच सप्लायवर इनटेक मॅनिफोल्डमधल्या (सिलिंडरांना हवा वाटणाऱ्या नळ्यांमधल्या) झडपा फिरवणारी छोटी मोटर होती. ती मोटर व्हीच्या खळग्यात, म्हणजे सिलिंडरांच्या दोन रांगांमध्ये, टर्बोच्या तोंडाखाली बसते. टॉर्च आणि आरसा घालून पाहिलं तर तेलानं माखलेली. क्रँककेसच्या ब्रीदरमधून (इंजिनच्या पोटातली वाफ बाहेर सोडणाऱ्या नळीतून) येणारी तेलकट वाफ टर्बोच्या तोंडाशी असलेल्या सीलमधून झिरपत होती. ते सील वयानं कडक झालेलं, आणि त्यातून थेंब थेंब तेल वर्षानुवर्षं मोटरवर पडत होतं. घाटात इंजिन तापलं, भार वाढला की मोटर अडकायची, जास्त करंट ओढायची, सप्लाय खाली यायचा आणि बाकीचे सेन्सर एकदम बोंब मारायचे.

मोटरच्या प्लगपाशी त्याचा हात थांबला. "साहेब, हे तुम्ही लावायला सांगितलं होतं?" प्लगच्या वायरींना काळ्या टेपखाली एक छोटा रेझिस्टर जोडलेला होता. ईसीयूला मोटर शाबूत आहे असं भासवायला. तिसऱ्या गॅरेजचा कायमचा बंदोबस्त तो हाच. काम चुकतं ते मी समजू शकतो. मला न सांगता केलं याचं मला अजून वाईट वाटतं, कारण त्या दोन महिन्यांत मी आईला घेऊन चारदा घाट चढलो होतो.

याच जातीचे आणखी दोन बंदोबस्त हमखास सुचवले जातात. ईजीआरला पत्रा लावून बंद करणं आणि डीपीएफ आतून पोकळ करून सॉफ्टवेअरमध्ये गप्प करणं. दोन्ही करू नका. डीपीएफ तुंबला असेल तर तो का तुंबला हे विचारा. इंजिनचं पाणी तापेपर्यंत अडवणारा थर्मोस्टॅट उघडा राहिल्यानं इंजिन नीट तापत नसेल, तर काजळी जाळण्याची प्रक्रिया सुरूच होत नाही. तिथे थर्मोस्टॅट बदलायचा. आणि काढलेल्या डीपीएफची काजळी आपल्याच मागच्या स्कूटरवाल्याच्या छातीत जाते.

काम करून घेताना

इस्टिमेट लेखी आलं, तीन भागांत: करायलाच हवं, आत्ताच केलं तर मजुरी वाचेल, आणि थांबलं तरी चालेल. पहिल्यात मोटर, ब्रीदरचं सील, वायरिंगची दुरुस्ती. दुसऱ्यात ऑइल कूलरची सीलं. हा कूलर त्याच खळग्यात, सगळ्यात तळाला असतो. तिथवर पोचायला टर्बो आणि मॅनिफोल्ड उतरवावेच लागतात, आणि ते तसेही उतरणार होते. सील स्वस्त, मजुरी भारी. त्यानं आधी मला खळग्यात साठलेलं तेल दाखवलं आणि मग विचारलं, करायचं का.

वाढीव काम सुचवणारा प्रत्येक मेकॅनिक लुटारू नसतो. मी आता एकच पाहतो. तो वाढीव कामाचं कारण दाखवतो का, आणि "नको" म्हटल्यावर त्याचा सूर बदलतो का.

टर्बो बाहेर काढल्यावर त्यानं मला बोलावून शाफ्ट हलवायला दिला. खेळ जवळजवळ नव्हताच. पात्यांवरची काजळी साफ करून तोच परत बसवला. जुनी केशरी सीलं बोटांत धरली तर प्लॅस्टिकसारखी कडक झालेली, नवी जांभळी मऊ. जुने पार्ट सगळे खोक्यात घालून डिकीत ठेवले, मागावे लागले नाहीत. बिलावर प्रत्येक पार्टचा नंबर. पार्ट बहुतेक मूळ पुरवठादाराच्या खोक्यातले होते. बॉश, माले, हेला, एलरिंग यांसारख्या कंपन्या जे गाडीवाल्यांना पुरवतात तेच स्वतःच्या खोक्यातही विकतात, आणि ते बऱ्याचदा स्वस्त पडतं. मात्र बनावट खोकीही बाजारात आहेत, म्हणून बिल देणाऱ्या काउंटरवरूनच घ्यावं.

गिअरबॉक्सचं ऑइलही बदलून देशील का, असं मी विचारलं होतं. "ते मी करत नाही," तो म्हणाला, आणि चिंचवडच्या एका माणसाकडे पाठवलं. त्या एका वाक्यानं माझा उरलासुरला संशय गेला.

ज्यांच्या शहरात असा माणूस नाही त्यांनी निदान एवढं करावं. लाइट लागला की कुणालाही कोड पुसू देण्याआधी फ्रीझ फ्रेमसकट पडद्याचे फोटो काढून ठेवावेत, आणि घटना वहीत लिहावी: ठिकाण, वेग, गिअर, इंजिनचं तापमान, एसी चालू होता का. लांबच्या चांगल्या माणसाला तेवढं पाठवलं तरी तो गाडी आणावी की नाही ते सांगू शकतो. आणि दिल्लीकडची गाडी घेतली असेल, तर तिचं निदान आल्या आल्या करून घ्यावं. तिथे दहा वर्षांवरच्या डिझेलवर बंदीचा आदेश आल्यापासून बऱ्याच मोठ्या गाड्या इकडच्या बाजारात आल्या आहेत, आणि आधीच्या मालकानं शेवटच्या वर्षात तिच्यावर खर्च केला असेलच असं नाही.

काम होऊन आता अकरा महिने झाले. खंबाटकी किती वेळा चढलो ते मोजलेलं नाही, लाइट एकदाही लागला नाही. वहीत एकच नोंद उरली आहे: सहापैकी चौथ्या सिलिंडरचा ग्लो प्लग (थंडीत इंजिन सुरू व्हायला आतली हवा तापवणारी कांडी) गेलाय. पुण्याच्या हवेत त्यानं फारसं अडत नाही, आणि घाईनं थंड इंजिनवर काढायला गेलं तर तो हेडमध्येच तुटू शकतो. त्यानं आदल्या दिवशी येऊन पेनिट्रेटिंग ऑइल टाकून घ्यायला सांगितलंय, दुसऱ्या दिवशी गाडी तापवून त्याच्याकडे न्यायची आहे.